डुकरं एकाची, घाण दुसऱ्याची: वेंडेल मर्फी यांचं प्रकरण

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या पूर्व भागात डुप्लिन नावाची काउंटी आहे. आपल्याकडच्या हिशेबात एखादा तालुका म्हणा. माणसं पन्नास हजारांच्या आसपास, डुकरं वीस लाखांच्या आसपास. नवल डुकरांच्या आकड्याचं नाही. नवल हे की या राज्यात मका पुरेसा पिकत नाही. मध्य-पश्चिमेच्या राज्यांतून तो मालगाड्या भरभरून आणावा लागतो, आणि डुकराच्या पोटात जाणारं मुख्य खाद्य मका आणि सोयाबीनची पेंड हेच असतं. ज्याच्या दारात मका पिकतो त्या आयोवानं डुकरं पाळावीत, हे समजण्यासारखं आहे. डुप्लिननं का पाळावीत?

याची उत्तरं अनेक आहेत, पण त्यातली निम्मीशिम्मी एका माणसापाशी येऊन थांबतात. वेंडेल मर्फी यांचा जन्म 1938 मध्ये याच काउंटीत, तंबाखू पिकवणाऱ्या घरात झाला. ते राज्याच्या कृषी विद्यापीठातून 1960 मध्ये पदवीधर झाले आणि काही काळ शाळेत शेतीशिक्षक होते. पुढे ते देशातल्या सर्वांत मोठ्या वराहपालन कंपनीचे मालक झाले आणि त्याच काळात सुमारे दहा वर्षं राज्याच्या विधिमंडळात बसले. 1983 पासून कनिष्ठ सभागृहात, नंतर 1992 अखेरपर्यंत सिनेटमध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाकडून.

‘शेतकरी आमदार’ म्हटलं की आपल्या मनात एकतर कौतुक येतं नाहीतर संशय. मर्फींच्या बाबतीत दोन्हींना जागा आहे. या प्रकरणात लाच नाही, बनावट कागद नाहीत, कोणी तुरुंगात गेलेलं नाही. जे झालं ते उघडपणे, मतदान घेऊन, नियमात बसवून झालं. म्हणूनच ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

गिरणीपासून करारापर्यंत

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मर्फींनी रोझ हिल या गावात खाद्याची गिरणी टाकली. गाठीला साठवलेले थोडे पैसे होते, आणि वडील जामीन राहिले म्हणून बँकेनं कर्ज दिलं. शेतकऱ्यांकडून मका घ्यायचा, दळायचा, खाद्य विकायचं. गिरणीच्या मागच्या मोकळ्या जागेत मग डुकरं आली, कारण दळलेलं खाद्य विकण्यापेक्षा ते डुकराला घालून डुक्कर विकण्यात चार पैसे जास्त सुटत. इथवरची गोष्ट कुठल्याही खटपट्या माणसाची.

1969 मध्ये डुकरांच्या कॉलऱ्यानं गाठलं. हा विषाणूजन्य रोग माणसाला होत नाही, पण कळपात शिरला की कळप संपतो. अमेरिकेत तेव्हा त्याच्या निर्मूलनाची सरकारी मोहीम चालू होती आणि तिचा नियम कडक होता: लागण सापडली की सगळी जनावरं मारायची, जागा बंद करायची. (देश या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा 1978 मध्ये झाली.) मर्फींची डुकरं मारली गेली. गिरणी उरली, खाद्य उरलं, पण स्वतःच्या जागेत डुकरं ठेवता येईनात.

तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणी केली. डुकरं माझी, खाद्य माझं, औषध माझं. जागा तुमची, राबणं तुमचं. डोईमागे ठरलेले पैसे घ्या. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हती, कोंबड्यांच्या धंद्यात ती आधीपासून रुळलेली होती. रोझ हिलला तर कोंबडीचा अभिमान इतका, की गावानं 1963 मध्ये पंधरा फूट व्यासाची तळणीची कढई करून घेतली आणि ती गावात आजही दाखवतात. मर्फींनी कोंबडीचं गणित डुकराला लावलं, आणि ते बसलं.

हा करार नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्याच पोटातून निघतं. करारात डुक्कर कंपनीचं राहतं. पिल्लू कंपनीच्या ट्रकनं येतं, कंपनीचं खाद्य खातं, कंपनीचा माणूस येऊन तपासतो, आणि साधारण सहा महिन्यांचं, सव्वाशे किलोच्या घरात गेलं की कंपनीच्याच ट्रकनं कत्तलखान्यात जातं. शेतकऱ्याचं काय? लांबलचक शेड त्याची, ती बांधण्याचं बँकेचं कर्ज त्याचं, वीजबिल त्याचं. मेलेली जनावरं उचलण्याची जबाबदारी त्याची. आणि डुकराच्या अंगातून जे बाहेर पडतं ते त्याचं.

ही शेवटची बाब सुरुवातीला किरकोळ वाटली असेल. शेतकऱ्याकडे दहा-वीस डुकरं होती तेव्हा त्यांचं खत शेताला पुरत नसे. पण हजारो डुकरं एका छताखाली आली की विष्ठा आणि मूत्र ही खताची नाही, सांडपाण्याची गोष्ट होते. शेडची जमीन फटीफटीची असते. खाली पडलेलं सगळं पाण्यानं वाहून शेजारच्या उघड्या तलावात जातं. तिथले लोक त्याला लगून म्हणतात. त्यात जिवाणू काही घाण कुजवतात, पाण्याला गुलाबीसर रंग येतो, आणि तलाव भरत आला की ते पाणी मोठ्या फवाऱ्यानं आसपासच्या गवतावर मारतात. शहरात एवढी माणसं असती तर मैलापाणी शुद्धीकरण केंद्र सक्तीचं झालं असतं. इथे तलाव आणि फवारा पुरे होते, कारण कागदावर ही शेती होती.

शेतकऱ्यांनी हा करार का केला, हे आज दूर बसून विचारणं सोपं आहे. पूर्व नॉर्थ कॅरोलिनाचं पोट तंबाखूवर चालत होतं. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानावरचा अहवाल आला तेव्हापासून त्या पिकाचं भवितव्य डळमळीत झालं. जमिनी लहान, मुलं शहराकडे निघालेली, बँका नुसत्या तंबाखूवर कर्ज द्यायला नाखूश. अशा वेळी ओळखीचा माणूस दारात येऊन म्हणतो की भाव पडो वा चढो, तुला ठरलेले पैसे मिळतील. पुष्कळांची घरं त्या पैशावर उभी राहिली, मुलं शिकली, शेत विकावं लागलं नाही. मर्फींना मानणारी माणसं डुप्लिनमध्ये कमी नाहीत, आणि ती खोटं बोलत नाहीत.

सभागृहात

1983 मध्ये मर्फी रॅले या राजधानीत आमदार म्हणून गेले तेव्हा त्यांची कंपनी वाढत होती, अवाढव्य झालेली नव्हती. नॉर्थ कॅरोलिनाचं विधिमंडळ अर्धवेळ आहे. पगार इतका कमी की त्यावर घर चालत नाही, म्हणून प्रत्येक सदस्याचा दुसरा व्यवसाय असतोच. वकील वकिलीच्या कायद्यावर मत देतो, विमा एजंट विम्याच्या, शेतकरी शेतीच्या. ही व्यवस्थेतली चूक नाही, ती तशीच योजलेली आहे: धंदा कळणाऱ्या माणसानं धंद्याचा कायदा करावा. नियमाची अट एवढीच होती की फायदा तुमच्या एकट्याचा नको, तुमच्या सगळ्या वर्गाला मिळत असेल तर मत द्यायला हरकत नाही.

आता अट आणि कंपनी शेजारी ठेवून पाहा. मर्फींच्या कारकिर्दीत, त्यांच्या पाठिंब्यानं किंवा सहभागानं जे कायदे झाले त्यातला एक विक्रीकराचा होता. डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या शेडसाठी लागणारं बांधकाम साहित्य आणि उपकरणं करमुक्त झाली. दुसरा झोनिंगचा. कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवण्याचा अधिकार काउंटीला असतो, पण खऱ्याखुऱ्या शेतीला त्यातून सूट, ही तरतूद राज्यात जुनीच होती. 1991 च्या दुरुस्तीनं डुकरा-कोंबड्यांचे फार्म त्या सुटीत पक्के बसवले. फार्म किती मोठा, हा प्रश्न उरला नाही. म्हणजे दहा हजार डुकरांची शेड तुमच्या घराशेजारी उठणार असेल तर तुमच्या काउंटीच्या निवडून दिलेल्या मंडळाला ‘इथे नको’ म्हणता येईना.

हे कायदे सगळ्या पशुपालकांसाठी होते. अट पाळली गेली. फक्त त्या वर्गात सर्वांत मोठी शेड ज्याची, सवलत सर्वांत जास्त त्याची.

झोनिंगची दुरुस्ती करसवलतीपेक्षा कितीतरी मोठी होती, असं मला वाटतं, जरी वर्तमानपत्रांच्या मथळ्यात कर आधी येतो. करसवलत म्हणजे काही लाख डॉलर. झोनिंगमधली सूट म्हणजे शेजाऱ्याचं तोंड बंद. करारानं घाण शेतकऱ्याच्या नावावर केली होती. कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं आणि तिचा वास शेजाऱ्याच्या नावावर केला, तोही त्याला न विचारता. दोन्ही कागदांची ठेवण एकच: मिळकत एकीकडे, उरलंसुरलं दुसरीकडे.

हे सगळं एका माणसानं आखून केलं असं मी म्हणत नाही. सभागृहात 170 सदस्य असतात, एकट्या आमदाराच्या मतानं कायदा होत नाही. बाकीच्यांना यात वावगं दिसलं नाही, कारण त्यांच्यासमोर प्रश्न ‘शेतकऱ्याला मदत’ असाच आला. शेत म्हटलं की शहरातला आमदारही लाल रंगाचं कोठार आणि दारातली दोन-चार डुकरं डोळ्यांसमोर आणतो. मर्फींना मात्र नेमकं ठाऊक होतं की येणारं शेत तसं नसणार. धंदा कळणारा माणूस सभागृहात असण्याचा हा खरा पेच आहे. त्याला जे कळतं ते बाकीच्यांना कळत नाही, आणि त्यांना ते कळवण्यात त्याचा फायदा नसतो.

1992 मध्ये, मर्फींची सभागृहातली शेवटची वर्षं संपत असताना, जवळच्याच ब्लेडन काउंटीत टार हील इथे स्मिथफील्ड कंपनीचा कत्तलखाना सुरू झाला. जगातला सर्वांत मोठा. दिवसाला तीस हजारांहून जास्त डुकरं कापण्याची क्षमता. एवढी डुकरं रोज लागणार म्हटल्यावर करारांची झुंबड उडाली. 1990 च्या सुमारास राज्यात अठ्ठावीस लाखांच्या आसपास असलेली डुकरं 1997 पर्यंत एक कोटीच्या घरात गेली आणि नॉर्थ कॅरोलिना आयोवानंतर दुसऱ्या क्रमांकाचं राज्य झालं. फार्मची संख्या मात्र उलट्या दिशेनं गेली. 1980 च्या दशकात वीस हजारांहून जास्त शेतकरी डुकरं पाळत. पुढे ते दोन-तीन हजारांवर आले. ज्याच्याकडे करार नव्हता त्याला डुकरं विकायला बाजारच उरला नाही. ‘शेतकऱ्याला मदत’ म्हणून झालेल्या कायद्यांच्या काळात डुकरं पाळणारे शेतकरी दहापटीनं घटले, ही या प्रकरणातली सर्वांत कडू बाब आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते.

1995

फेब्रुवारी 1995 मध्ये रॅलेच्या न्यूज अँड ऑब्झर्व्हर या दैनिकानं वराहउद्योगावर लेखमाला चालवली. मर्फींचे कायदे, त्यांच्या देणग्या, तलावांतून झिरपणारं पाणी, सरकारी खात्यांची झोप, सगळं कागदपत्रांनिशी. मालिकेला पुढच्या वर्षी सार्वजनिक सेवेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. मर्फींनी कायदा मोडला असा त्या लेखांचा रोख नव्हता. जे झालं ते नियमात बसूनच झालं, हीच त्यांची खरी बातमी होती.

लेखमाला कदाचित रद्दीत गेली असती, पण चारच महिन्यांनी पाऊस आला. 21 जून 1995 ला ऑन्स्लो काउंटीत रिचलँड्सजवळ ओशनव्ह्यू नावाच्या फार्मवरच्या तलावाचा बांध फुटला. अडीच कोटी गॅलन, म्हणजे साधारण साडेनऊ कोटी लिटर घाण शेतांतून, रस्त्यावरून न्यू रिव्हर या नदीत गेली. तुलनेसाठी, एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून 1989 मध्ये सांडलेलं तेल 1 कोटी 10 लाख गॅलन धरलं जातं. मासे तरंगू लागले, पर्यटकांनी किनारा टाळला, आणि ज्या आमदारांना डुप्लिन नकाशावर शोधावं लागलं असतं त्यांना डुकराच्या तलावाची रचना पाठ झाली.

त्याच वर्षी कायदा झाला की नवी शेड किंवा तलाव वस्तीच्या घरापासून निदान 1,500 फूट दूर हवा. आधीच बांधलेल्यांना तो लागू नव्हता.

1997 मध्ये नव्या तलावांवर तात्पुरती बंदी आली आणि मोठ्या डुक्कर फार्मपुरता झोनिंगचा अधिकार काउंट्यांना परत मिळाला. याला जोर कुठून मिळाला ते पाहण्यासारखं आहे. डुप्लिनच्या गरीब शेजाऱ्यांच्या तक्रारी अनेक वर्षं चालल्या होत्या. पण डुकरांचे फार्म मूर काउंटीकडे सरकू लागले तेव्हा गाडी हलली. त्या काउंटीत पाइनहर्स्टची प्रसिद्ध गोल्फ मैदानं आहेत आणि 1999 ची यूएस ओपन स्पर्धा तिथे व्हायची होती. बंदीसाठी पुढाकार घेणारे आमदार रिचर्ड मॉर्गन त्याच काउंटीचे. वास नाकात गेला, पण यावेळी नाक वजनदार होतं. गंमत अशी की मर्फी कुटुंबानंही डुप्लिनमध्ये वॉलेसजवळ नदीकाठी रिव्हर लँडिंग नावाची गोल्फची बंदिस्त वसाहत उभी केली आहे.

डुप्लिनच्या आणखी एका आमदाराचं नाव इथे घ्यायलाच हवं. सिंडी वॉटसन 1994 मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून निवडून आल्या. उद्योगाच्या बालेकिल्ल्यात राहून त्यांनी शेजाऱ्यांची बाजू घेतली आणि 1997 च्या बंदीला पाठिंबा दिला. उद्योगाच्या पैशावर चालणाऱ्या एका गटानं त्यांच्याविरुद्ध जाहिरातींचा मारा केला आणि 1998 ची पक्षांतर्गत निवडणूक त्या हरल्या. 2004 मध्ये त्यांना जॉन केनेडी यांच्या नावाचा धैर्यासाठीचा सन्मान मिळाला. आमदारकी परत मिळाली नाही. एकाच काउंटीतून गेलेल्या दोन आमदारांच्या या दोन वाटा शेजारी ठेवल्या की त्या भागात मतांचं आणि पैशाचं नातं काय होतं याचा अंदाज येतो.

विक्री

मर्फींना शेवटी बातमीदारांनी नाही, बाजारानं गाठलं. 1998 च्या डिसेंबरात डुकराचा भाव पौंडाला दहा सेंटच्याही खाली घसरला. डुकरं अतोनात झाली होती आणि कत्तलखाने कमी पडत होते. ज्याच्याकडे डुकरं आहेत पण कत्तलखाना नाही, त्याची कोंडी. करारशेतीत मर्फींनी शेतकऱ्याला जिथे आणून ठेवलं होतं, त्याच जागी आता कत्तलखान्यापुढे मर्फी स्वतः उभे होते, फक्त आकडे मोठे. जानेवारी 2000 मध्ये मर्फी फॅमिली फार्म्स स्मिथफील्डनं विकत घेतली. व्यवहारात शेअर मिळाले, संचालक मंडळावर जागा मिळाली. स्मिथफील्डनं आपल्या वराहपालन शाखेचं नाव ठेवलं मर्फी-ब्राउन. 2013 मध्ये अख्खी स्मिथफील्ड चीनच्या शुआनहुई कंपनीनं घेतली, 4.7 अब्ज डॉलरना, वर कर्ज वेगळं.

मधल्या काळात, सप्टेंबर 1999 मध्ये, फ्लॉइड चक्रीवादळानं पूर्व भाग पाण्याखाली घातला. मेलेली डुकरं पुरात तरंगतानाची छायाचित्रं देशभर छापली गेली. 2000 च्या उन्हाळ्यात स्मिथफील्डनं राज्याच्या महाधिवक्त्यांशी करार केला: तलावांना पर्याय शोधण्याच्या संशोधनासाठी दीड कोटी डॉलर. संशोधन मर्फींच्याच विद्यापीठाकडे गेलं. तिथे मर्फी विश्वस्त राहिले आहेत आणि फुटबॉलच्या इमारतीला त्यांचं नाव आहे. वैज्ञानिकांनी कामात कसूर केली असं कोणी म्हणत नाही. पर्यावरणाच्या कसोटीला उतरणारी तंत्रं त्यांना सापडलीही. पण अट होती की ती परवडणारीही हवीत, आणि 2006 मध्ये निष्कर्ष निघाला की चालू फार्मना ती परवडत नाहीत. तलाव फुकटात बसतो, त्याच्यापुढे कुठलंही तंत्र महागच. 2007 मध्ये नव्या तलावांवरची बंदी कायमची झाली. जुने तलाव तसेच राहिले.

खटले

2013-14 पासून सुमारे पाचशे शेजाऱ्यांनी दावे लावले. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांची घरं आणि जमिनी शेडपेक्षा पुष्कळ जुन्या, काही तर गुलामगिरी संपल्यानंतरच्या पिढ्यांनी विकत घेतलेल्या. हे फार्म गोऱ्यांपेक्षा इतर वर्णाच्या आणि गरीब वस्त्यांजवळ जास्त आहेत, हे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ स्टीव्ह विंग यांनी 2000 सालीच आकडेवारीनं मांडलं होतं.

वकिलांनी एक गोष्ट अचूक केली. दावा करारशेतकऱ्यावर लावलाच नाही. प्रतिवादी एकच: मर्फी-ब्राउन, म्हणजे डुकरांचा मालक. डुक्कर तुमचं, त्याला काय खायला घालायचं ते तुम्ही ठरवता, शेड कशी असावी ते तुम्ही सांगता, कधी न्यायचं ते तुम्ही ठरवता, मग घाण तेवढी त्याची कशी? करारानं जे दोन भाग वेगळे केले होते ते ज्यूरीसमोर पुन्हा एकत्र ठेवले गेले. शेजारी शेतकऱ्यांना लुबाडायला निघालेत, असा प्रचार गावोगाव झाला, पण प्रत्यक्ष कागदावर एकाही शेतकऱ्याकडून एक डॉलर मागितलेला नव्हता.

पहिला निकाल एप्रिल 2018 मध्ये लागला. ब्लेडन काउंटीतल्या किनलॉ फार्मच्या दहा शेजाऱ्यांना ज्यूरीनं प्रत्येकी 75,000 डॉलर भरपाई दिली आणि शिवाय पाच कोटी डॉलरचा दंडात्मक बोजा कंपनीवर टाकला. राज्याच्या कायद्यात दंडात्मक भरपाईवर मर्यादा आहे, त्यामुळे दहा जणांची एकूण रक्कम साडेबत्तीस लाखांवर आली. ऑगस्टमधल्या तिसऱ्या खटल्यात ज्यूरीनं 47 कोटी 35 लाख डॉलर दिले. मर्यादेनंतर ते 9 कोटी 40 लाख झाले. पाचही खटल्यांत ज्यूरी शेजाऱ्यांच्या बाजूनं उभी राहिली.

नोव्हेंबर 2020 मध्ये केंद्रीय (फेडरल) अपील न्यायालयानं कंपनीची जबाबदारी कायम केली, दंडाची रक्कम तेवढी पुन्हा तपासायला सांगितली. न्यायमूर्ती हार्वी विल्किन्सन हे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले, परंपरावादी म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी वेगळं सहमतीपत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की किनलॉ फार्मचे शेजारी अधिक श्रीमंत किंवा राजकीयदृष्ट्या अधिक वजनदार असते तर ही परिस्थिती फार काळ टिकली नसती, किंबहुना निर्माणच झाली नसती. पाइनहर्स्टचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला या वाक्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. स्मिथफील्डनं उरलेल्या दाव्यांत तडजोड केली.

या निकालांमध्ये मर्फी हे आडनाव पानोपानी येतं. कंपनी विकून तेव्हा वीस वर्षं होत आली होती.

पुन्हा सभागृह

इतकं होऊन विधिमंडळ थांबलं असतं तर प्रकरण न्यायालयात संपलं असतं. 2017 मध्ये एक विधेयक आलं: शेजाऱ्याला मिळणारी भरपाई त्याच्या मालमत्तेच्या बाजारभावात किंवा भाड्यात झालेल्या घटीपुरतीच. आधीच डुकरांच्या शेजारी असल्यानं ज्या घराला भाव उरलेला नाही, त्याच्या भावात आणखी घट ती किती होणार! विधेयक मांडणारे जिमी डिक्सन. काउंटी डुप्लिन, व्यवसाय शेती. टर्की आणि डुकरं दोन्ही पाळलेला माणूस. गव्हर्नर रॉय कूपर यांनी नकाराधिकार वापरला, सभागृहानं तो उलटवला. चालू खटल्यांना मात्र हा कायदा लावता आला नाही.

त्यामुळे पुढच्या वर्षी, पहिला निकाल लागून दोन महिनेही झाले नसताना, आणखी एक कायदा आला. यावेळी मांडणारे सिनेटर ब्रेंट जॅक्सन, शेजारच्या सॅम्पसन काउंटीचे मोठे भाजीपाला उत्पादक शेतकरी. पुन्हा नकाराधिकार, पुन्हा उलटवणं. मर्फी सभागृह सोडून पंचवीस वर्षं झाली होती, पण त्या बाकांवर कोण बसतं आणि कुणाच्या अडचणीची भाषा तिथे कळते, यात फारसा बदल नव्हता. मधल्या काळात याच भागातले लॉच फेअरक्लॉथ वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये होते. त्यांचाही पैसा डुकरांत होता आणि ते पर्यावरणाच्या समितीवर होते. मर्फींना एकट्याला खलनायक करणाऱ्या लेखनाशी माझं इथेच जमत नाही. माणूस बाजूला झाला तरी खुर्ची त्याच मापाची राहते.

जॅक्सन यांच्या कायद्यानुसार दावा लावायचा तर घर फार्मपासून अर्ध्या मैलाच्या आत हवं, आणि फार्म सुरू झाल्यापासून किंवा त्यात मूलभूत बदल झाल्यापासून एक वर्षाच्या आत दावा दाखल व्हायला हवा. फार्मची मालकी बदलली, जनावर बदललं, नवं तंत्र आलं, तर तो मूलभूत बदल धरायचा नाही. डिसेंबर 2021 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानं हे कायदे घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. पूर्व नॉर्थ कॅरोलिनातली बहुतेक शेड आणि तलाव 1990 च्या दशकात, झोनिंगची सूट चालू असताना बांधलेले आहेत. 1997 नंतर नवे तलाव जवळपास झालेच नाहीत. त्यामुळे त्यांच्या शेजाऱ्यांसाठी कायद्यानं दिलेलं ते एक वर्ष, कायदा होण्याच्या वीस वर्षं आधीच उलटून गेलेलं होतं.